देहूकरांनी काही मागू नये?

मार्गशीर्षात आमच्या देहूच्या भागात सप्ताहांची दाटी असते. दत्तजयंतीच्या मागेपुढे गल्लोगल्ली मांडव पडतात आणि डिसेंबर उतरणीला लागला की प्रवचनाचा विषय जवळजवळ ठरलेला: नववर्ष. यंदा एका मांडवात महाराजांनी तो असा मांडला. एक, १ जानेवारी हे आपलं वर्षच नव्हे. दोन, नव्या वर्षाकडून काही आशा धरणं ही भोगी माणसाची खोड. आणि मग खरा घाव: इतर गावांचं एक वेळ चालेल, पण ज्या देहूत तुकोबा जन्मले तिथल्या माणसाने नव्या वर्षाकडे काही मागणं म्हणजे तुकोबांनाच खोटं पाडणं. पाठोपाठ ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ ही समाधानाची, सर्वांना पाठ असलेली ओळ आली. महाराजांच्या आधीच मांडवाने ती पुरी केली आणि माना डोलल्या.

महाराजांचं नाव लिहीत नाही. माणूस सज्जन आहे, आवाज गोड आहे, पाठांतर चोख आहे. शिवाय हा युक्तिवाद त्यांचा एकट्याचा नाही. डिसेंबर लागला की तोच मजकूर भगव्या रंगावर छापलेला, खाली ‘पुढे पाठवा’ अशी आज्ञा घेऊन मोबाइलवर येतो. सकाळी काका पाठवतात, दुपारी मामा पाठवतात आणि ३१ तारखेला रात्री बाराच्या ठोक्याला हेच दोघे ‘हॅपी न्यू इयर’ही पाठवतात. ती मौज सोडून देऊ. त्यातला तुकोबांचा भाग मात्र सोडून देण्यासारखा नाही. तो खोटा आहे आणि तो खोटेपणा कोणाच्या तरी सोयीचा आहे.

आधी सोपा मुद्दा उरकू. ‘आपलं’ नववर्ष एकच आणि ते चैत्र पाडव्याचं, हे कधी ठरलं? व्यापाऱ्याच्या वह्या दिवाळीत बदलतात. पेशवे दप्तरातलं साल मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलायचं, कारण सारा पिकावर आणि पीक पावसावर. सरकारचा हिशेब १ एप्रिलला नवा होतो, शाळा जूनमध्ये. तुकोबांच्या घरी पिढीजात वाणीपणा आणि सावकारी होती. त्या घरातल्या वह्यांचं वर्ष कोणत्या दिवशी पालटत असेल, याचा विचार महाराजांनी करून पाहावा. आणि आज त्यांच्याही घरी भिंतीवर कालनिर्णय असणारच. १९७३ पासून ते मराठी घरात टांगलेलं आहे. त्यात तिथी आहे, एकादशी आहे, संकष्टीचा चंद्रोदय आहे, आणि त्याचा पहिला कागद जानेवारीचा आहे. त्याने कोणाचा धर्म बुडाल्याचं ऐकिवात नाही.

टिळक-आगरकरांच्या मंडळींनी ‘मराठा’ काढला २ जानेवारी १८८१ ला आणि ‘केसरी’ ४ जानेवारीला. परक्या सरकारशी झुंजायला निघालेल्यांनी परक्यांच्याच वर्षाचा पहिला आठवडा धरला. पाडव्यापर्यंत थांबू, असं कोणी म्हटलं नाही. आणि १ जानेवारीला तर महाराष्ट्रातून लाखो माणसं कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभाकडे जातात. १८१८ च्या १ जानेवारीच्या लढाईचा तो स्तंभ. १९२७ सालच्या १ जानेवारीला डॉ. आंबेडकर तिथे गेले. आमच्या शेजारच्या देहूरोडमध्ये अशी घरं आहेत की जिथे ३१ डिसेंबरच्या रात्री पार्टी नसते, दुसऱ्या दिवशीच्या प्रवासाचे डबे बांधले जातात. हा दिवस तुमचा नव्हे, असं त्यांना जाऊन सांगण्याची महाराजांची छाती होईल का, मला शंका आहे.

हा झाला तारखेचा वाद. खरं सांगायचं तर तो माझ्या दृष्टीने फुटकळ आहे. माणसाला पुढे बघायला एक दिवस लागतो, तो कोणत्याही पंचांगातला असो.

आता तुकोबा.

गाथेत साडेचार हजारांच्या घरात अभंग आहेत. त्यातला एक उचलायचा, त्यातलीही एकच ओळ उचलायची आणि तिच्या काठीने चार शतकं लोकांना गप्प बसवायचं, ही कला आपल्याकडे फार वाढली. उरलेल्या अभंगांत काय आहे? भेटीची तळमळ आहे. देवाशी कडाक्याचं भांडण आहे. देवालाच देणेकरी ठरवून त्याच्या दारात बसणं आहे. वाट पाहून डोळे शिणल्याची तक्रार आहे. ज्याला काहीच नको त्याची ही बोली असते का? तुकोबांना जे हवं होतं ते त्यांनी जन्मभर मागितलं, आणि हळू आवाजात तर मुळीच मागितलं नाही.

देहूत उभं राहून समाधानाचा उपदेश करणाऱ्याने निदान एका वस्तूकडे बोट दाखवावं: मुख्य मंदिराच्या आवारातली शिळा. १४ जून २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते शिळा मंदिराचं लोकार्पण झालं तेव्हा सगळ्या देशाने ती टीव्हीवर पाहिली. पण शिळा कसली? परंपरा सांगते की वाघोलीच्या रामेश्वर भटांच्या सांगण्यावरून तुकोबांना आपल्या कवित्वाच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. शूद्राने वेदार्थ बोलू नये, हा आक्षेप. समाधानी माणसाने काय केलं असतं? देवाची इच्छा म्हणून घरी गेला असता, दुकान उघडलं असतं. तुकोबा अन्नपाणी सोडून तेरा दिवस त्या शिळेवर बसले. वह्या परत मिळाल्याशिवाय उठायचं नाही. याला आजच्या मराठीत धरणं म्हणतात आणि चाकणच्या कंपनीच्या गेटवर कोणी असं तेरा दिवस बसला तर त्याला काय म्हणतात, तेही सर्वांना माहीत आहे. वह्या वर आल्या हा चमत्कार की लोकांच्या तोंडी असलेले अभंग पुन्हा उतरवले गेले, यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा. माझा मुद्दा त्या तेरा दिवसांपुरता आहे. त्या तेरा दिवसांत तुकोबांजवळ मागणीवाचून दुसरं काहीही नव्हतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: त्यांनी शिवाजी महाराजांचा नजराणा परत पाठवला होता. बरोबर, परंपरा तसंच सांगते. पण तो त्यांना स्वतःला आलेला नजराणा होता. दुसऱ्याला मिळणारं धान्य त्यांनी परत पाठवल्याची गोष्ट कोणी ऐकली आहे? उलट वाटणीत आपल्या वाट्याला आलेली कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत सोडली. धाकट्या भावाचा, कान्होबांचा अर्धा वाटा त्याला दिला, त्याच्यावर आपलं वैराग्य लादलं नाही. ज्या कुळांची खतं नदीत गेली त्यांच्या घरी त्या साली नवं वर्ष खऱ्या अर्थाने उगवलं असणार. १६३० च्या दुष्काळाने तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून नेली. आत्मपर अभंगात ते दुःख त्यांनी स्वतः नोंदवून ठेवलं आहे. भूक पाहिलेला माणूस दुसऱ्याच्या भुकेला समाधान शिकवत नसतो. स्वतःची गरज कमी करणं आणि दुसऱ्याला ‘तू गरज कमी कर’ म्हणणं यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. महाराजांच्या प्रवचनात नेमकं तेच अंतर गायब होतं.

तुकोबांतून काय निवडावं हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं, आणि कोण काय निवडतो यावरून माणूस कळतो. ३१ जानेवारी १९२० ला डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केलं तेव्हा शिरोभागी अभंग घेतला तो तुकोबांचा. समाधानाचा नव्हे, मुक्याने गप्प राहून चालत नाही, भीड सोडून बोलावं लागतं, असं सांगणारा. याच माणसाने पुढे २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडला, म्हणजे तुकोबांच्या गावापासून हाकेच्या अंतरावर, बुद्धमूर्तीची स्थापना केली. डिसेंबरचा शेवटचा आठवडा तोच, मुलूख तोच. त्या दिवशी तिथे जमलेल्यांना कोणी ‘आशा धरू नका’ म्हणालं नसावं.

मग हा उपदेश कोणाला होतो, ते बघू. सप्ताहाच्या मांडवात पुढच्या रांगेत देणगीदार बसतात. प्लॉटिंगवाले असतात, गोडाऊन भाड्याने देणारे असतात, कंपन्यांना माणसं पुरवणारे ठेकेदार असतात. त्यांचं पुढच्या वर्षाचं गणित पक्कं असतं: आणखी दोन खोल्या काढायच्या, आणखी एका कंपनीचं काम धरायचं. त्यांना आशा सोडा म्हणून कोणी सांगत नाही. कंपनीने २०३० पर्यंतचा विस्तार मांडला तर ते धोरण. सरकारने २०४७ चं चित्र काढलं तर ते स्वप्न, त्याच्या जाहिराती लागतात. आणि इथल्या माळीनगरच्या दहा बाय दहाच्या खोलीत चौघांत राहणाऱ्या पोराने ‘पुढच्या वर्षी पर्मनंट व्हावं’ एवढं म्हटलं की ती हाव होते. हा कसला न्याय?

रात्री दहाच्या सुमाराला देहूतल्या परंडवाल चौकात उभं राहावं. तिसऱ्या पाळीच्या बसची वाट बघणारी पोरं टपरीपाशी असतात. गळ्यात ओळखपत्राची दोरी, पाठीवर सॅक, सॅकच्या बाजूच्या कप्प्यात पाण्याची बाटली आणि पायात सेफ्टी शूज. लातूर, नांदेड, बीड, वाशीम, अलीकडे थेट बिहार आणि ओडिशा. डिसेंबरमध्ये त्यांच्या बोलण्यात एक शब्द हमखास येतो: ब्रेक. तुझा कधी, माझा कधी. ज्यांनी कारखान्याचं तोंड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ठेक्यावरच्या किंवा ट्रेनी म्हणून घेतलेल्या पोराला साधारण सात महिन्यांनी काही दिवस घरी बसवतात आणि मग नशिबात असेल तर परत घेतात, पुष्कळदा दुसऱ्याच ठेकेदाराच्या नावावर. कारण कायद्यात २४० दिवसांच्या सेवेला किंमत आहे, आणि सात महिने म्हणजे २४० च्या थोडं अलीकडे. हिशेब कोणी केला असेल तो केला असेल, चूक मात्र कधी होत नाही.

त्या टपरीवर ऐकलेलं एक संभाषण इथे उतरवतो, कारण सगळ्या प्रवचनाला ते पुरून उरेल. एक पोरगा मोबाइलवर नव्या वर्षाचं कॅलेंडर चाळत होता.

“औंदा पालखी जुलैत हाय बग.”

“जुलैत कशी? दरसाल जूनमधीच निघती की.”

“अधिक महिना आलाय. ज्येष्ठ दोन हायेत. माजा ब्रेक जूनच्या शेवटाला पडतोय. म्हंजी जमतंय. सुट्टी मागायचं कामच न्हाई.”

“आन परत घेतलं न्हाई तर?”

“मंग पांडुरंगालाच विचारतो की, भेटल्यावर.”

सगळे हसले, बस आली. मी तिथेच उभा राहिलो, कारण हे गणित मला आधी उमगलंच नव्हतं. २०२५ मध्ये पालखी १८ जूनला निघाली. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे आषाढी एकादशी २५ जुलैला गेली आहे आणि प्रस्थान जुलैत. या पोराची नव्या वर्षाची आशा एकाच वेळी दोन टोकांना बांधलेली आहे: नोकरी टिकावी आणि नोकरीचा ब्रेक वारीच्या वेळी पडावा. ज्या खंडाने त्याचं पोट मारलं जातं त्याच खंडात तो पंढरपूर बसवतो आहे. याला महाराज भोगी म्हणणार? मी तर म्हणेन, आशा धरण्याचं कसब त्याच्याकडून शिकावं. पण त्याने त्या खंडावरच समाधान मानावं, असं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.

कायदा बदलला आहे, असं कोणी म्हणेल. खरं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि मुदतीच्या करारावर असलेल्याला पाच वर्षांऐवजी एका वर्षाच्या नोकरीनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. चांगलं झालं. मात्र ज्याचं वर्षच सातव्या महिन्यात मोडतं त्याने एक वर्ष कुठून आणायचं? तेव्हा या पोरांनी २०२६ कडून अगदी साध्या गोष्टीची आशा धरली आहे, की वर्ष बारा महिन्यांचं असावं.

इथे दुसऱ्या प्रकारच्या उपदेशकाचा समाचार घेतला पाहिजे, कारण महाराज आणि तो वरवर एकमेकांचे शत्रू दिसतात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुष्कळ कारखान्यांच्या कॅन्टीनमध्ये प्रेरणादायी व्याख्यान होतं. वक्ता कॉलरला माइक लावून फेऱ्या मारतो, कागद वाटतो, ‘माझे पाच संकल्प’ लिहून घेतो. पहाटे उठेन. मोबाइल कमी बघेन. इंग्रजी बोलायला शिकेन. दरमहा बचत करेन. ओळखीच्या एका ऑपरेटरने पाचव्या रकान्यात ‘पर्मनंट होईन’ असं लिहिलं, तर त्याला प्रेमाने सांगण्यात आलं की संकल्प आपल्या हातातल्या गोष्टीचा करायचा असतो. बघा, किती सफाईने काटा काढला! महाराज म्हणतात इच्छा कमी कर, वक्ता म्हणतो कष्ट वाढव. दोघांच्याही मते बिघाड असतो तो तुझ्यात. नव्या वर्षात ठेकेदाराने काय करावं, कारखान्याने काय करावं, नगरपंचायतीने काय करावं, याला दोघांच्याही कागदावर रकाना नाही. आणि माणसाच्या आशा तर बहुतेक दुसऱ्यांच्या हातातच असतात. मुलाला शाळेत प्रवेश मिळावा, बापाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट व्हावं, घरमालकाने भाडं वाढवू नये, तळेगाव चौकातली गाड्यांची रांग अर्ध्या तासाने तरी कमी व्हावी. पहाटे चारला उठून यातलं काय साधेल?

आता विरोधकांच्या बाजूने जे बोलता येईल ते मीच बोलतो, कारण त्यांनी ते नीट बोललेलं नाही. आशा फसवते. या पट्ट्याला तर फारच फसवते. तळेगावच्या जनरल मोटर्समध्ये २०२० सालच्या २४ डिसेंबरला शेवटची गाडी बनली; नव्या वर्षाला आठवडा राहिला असताना हजारावर कुटुंबांचं पुढचं वर्ष अंधारलं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला चिनी कंपनी येणार, कारखाना चालू राहणार, अशी हवा होती. ती कंपनी आलीच नाही. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने करार केला आणि २०२५ मध्ये तिथून पुन्हा गाड्या निघू लागल्या. दरम्यानच्या वर्षांत ज्यांची पन्नाशी उलटली त्यांचं काय? चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत बांधलेले ३६ बंगले १७ मे २०२५ ला पाडले. हरित लवादाचा आदेश, सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब. काहींनी जन्माची पुंजी ओतली होती. वास्तुशांतीच्या दिवशी त्यांनाही वाटलंच असेल की आता सगळं मार्गी लागलं.

यावरून महाराज निष्कर्ष काढतील की आशा धरली म्हणूनच दुःख झालं. मला हे पटत नाही. फसवलं ते पूररेषेत प्लॉट विकणाऱ्याने. फसवलं ते विटा चढत असताना समोरून ये-जा करूनही ज्यांना काही दिसलं नाही त्यांनी. घर असावं ही आशा निर्दोष होती. चोरी झालेल्या घराच्या मालकाला ‘तू वस्तूच का ठेवल्यास’ असं विचारणारा फौजदार आणि हा उपदेश, दोन्ही एकाच जातीचे.

तळवडे देहूपासून काही किलोमीटरवर. ८ डिसेंबर २०२३ ला तिथल्या एका शेडमध्ये आग लागली. वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या फुलबाजीसारख्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या तिथे बनत. कामावर बहुतेक बायका. त्याच दिवशी सहा जीव गेले, पुढच्या दिवसांत उपचार चालू असताना आणखी काही. तो डिसेंबर होता, मागणीचा महिना. दुसऱ्यांच्या आनंदाचा माल भरून देणाऱ्या त्या बायकांच्या घरी जानेवारीकडे बघणारी पोरं होती. त्यांची आई आशा बाळगून कामाला जात होती, आणि ती आशा फार मोठी नव्हती: दिवसाची हजेरी, आठवड्याचा पगार, संध्याकाळी घरी परत येणं. त्यात कमी करण्यासारखं काय होतं? त्या शेडचा परवाना कोणी बघितला होता, दार किती रुंद होतं, शिलगणारी पूड किती साठवली होती, हे विचारणारा एक जण आधी आला असता तर ती सगळी माणसं जिवंत असती. आधी विचारायचं असेल तर आधी अपेक्षा धरावी लागते. कोणी काही अपेक्षाच धरत नाही अशा गावात शेड अशीच उभी राहते.

नदीचंही तेच. १५ जून २०२५ ला, रविवारी दुपारी, कुंडमळ्याचा लोखंडी पूल कोसळला आणि चार माणसं इंद्रायणीत गेली. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. पालखी निघायला तीन दिवस होते. त्याच पाण्यात पुढे देहूचा घाट लागतो, जिथे महाशीर माशांना गाव देवाचे मासे मानतं आणि कोणी गळ टाकत नाही. गावाने जपलेले हेच मासे मैल्याने मरून वर येताना आम्ही पाहिले आहेत. त्याच्याही खाली आळंदीत पाण्यावर पांढरा फेस तरंगतो आणि वारकरी तो हाताने बाजूला सारून आंघोळ करतो. फेस बाजूला सारणं हे समाधान. मी म्हणतो, पुरे झालं. वह्या तारल्या म्हणून ज्या नदीचे गोडवे गायचे तिला दरवर्षी फक्त आरती द्यायची, हे तुकोबांना चाललं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी पुन्हा एकदा गाथा उघडावी, आणि या खेपेला पाठ असलेलं पान सोडून उघडावी.

वारकरी तर सगळ्या महाराष्ट्रात सर्वांत जास्त पुढे बघणारा माणूस. त्याचं वर्षच पुढच्या तारखांवर चालतं. १६८५ च्या सुमाराला तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराजांनी पालखी सुरू केली, तेव्हापासून ज्येष्ठ वद्य सप्तमीकडे डोळे लावून बसणं हा या गावाचा स्वभाव झाला. तुकाराम बीज झाली की पालखीची बोलणी, पालखी परतली की कार्तिकीची, कार्तिकी आटोपली की पुन्हा बीज. बीजेला दुपारी बाराला गोपाळपुऱ्यात नांदुरकीच्या झाडाखाली माणसांचा समुद्र उभा असतो, मुठीत फुलं आणि बुक्का, सगळ्यांच्या माना वर. त्या घटकेला झाडाचं पान खरंच हलतं की नाही यावर नास्तिकांनी हसावं, मला हरकत नाही. हजारो माणसं एका पानाकडे आशेने बघत उन्हात उभी राहतात, त्यांना आशा वाईट असते हे सांगायला मात्र मोठं धाडस लागेल. बाहेरच्या कोणाला मागायचं नसेल तर न मागो. देहू मागतं आणि वाट बघतं, हाच देहूचा धर्म.

‘थर्टी फर्स्ट’च्या बाजाराची बाजू मी घेत नाही, हेही सांगून टाकतो. लोणावळ्याकडे जाणारा जुना रस्ता त्या संध्याकाळी कसा तुंबतो, पवनेच्या काठच्या तंबूंचे भाव कसे चढतात, सगळं दिसतं. त्यात आशा फारशी नसते, बहुतेक डोकेदुखी असते. त्यावर महाराजांनी हवं तेवढं बोलावं, मी मांडवात बसून मान डोलावीन.

तर महाराज, २०२६ ची बीज ५ मार्चला आहे, पाडव्याच्या बरोबर दोन आठवडे आधी. त्या सप्ताहाचं तुमचं कीर्तन ठरलेलं असणार, पण विषय अजून बदलता येईल. शिळेवरचे तेरा दिवस घ्या. उपोषणाला बसलेल्या तुकोबांना गावातल्या शहाण्यांनी काय काय समजावलं असेल ते रंगवून सांगा. ते तुम्हाला छान जमतं. वह्या गेल्या तर गेल्या, मोठ्यांशी वैर नको, आहे त्यात सुख माना, असंच काहीसं समजावलं असणार. मग पुढच्या रांगेतल्या देणगीदारांकडे बघून विचारा की यंदा किती पोरांना २४० व्या दिवशी कामावर ठेवणार. मांडव गप्प होईल, पुढच्या वर्षी पावतीपुस्तक थोडं हलकं होईल. शेवटच्या रांगेत, सेफ्टी शूज मांडवाबाहेर काढून बसलेला एखादा पोरगा तेव्हा मोबाइल खिशात ठेवेल आणि तुमचं कीर्तन शेवटपर्यंत ऐकेल.